प पडद्याचा

“एका वायरीतून दोन आवाज? मग आत भांडत न्हाईत व्हय?” मुजावरनी विचारलं, आणि दिघ्यांना हातातली तापलेली सोल्डरिंगची सळई बाजूला धरून हसावं लागलं.

“नाही भांडत. पाळीपाळीनं जातात. पण इतक्या झटपट, की आपल्याला वाटतं दोन्ही एकदमच आले.”

“मंजे आमच्या घरात सासू-सुना बोलत्यात तसं नव्हं.”

मी चहाची किटली खाली ठेवली. केबिनमध्ये राळ जळाल्याचा धूर भरला होता आणि पंखा बंद ठेवला होता, कारण वाऱ्यानं सोल्डर नीट बसत नाही असं दिघ्यांचं म्हणणं. जयसिंगपूरच्या आमच्या सन्मती टॉकीजमधली ती गुरुवारची दुपार. दिघे पुण्याहून आलेले साउंडचे इंजिनियर. इस्माईल मुजावर आमचे ऑपरेटर, टॉकीज उभं राहिलं त्या वर्षापासूनचे. आणि मी मालकाची बायको, जिला त्या दिवशी घरात बसवत नव्हतं म्हणून चहा करून करून वर आणत होते.

दुसऱ्या दिवशी बाराच्या खेळाला नवा मराठी सिनेमा लागायचा होता. तो रिळांच्या पेट्यांतून येणार नव्हता, एका काळ्या डबीतून आलाही होता. गावोगावची थेटरं तेव्हा एकामागून एक डिजिटल होत होती आणि जी होत नव्हती ती बंद पडत होती. माझ्या दोन्ही दिरांचं म्हणणं होतं की आपणही बंद करावं आणि तिथं मंगल कार्यालय काढावं. जागा मोक्याची, पार्किंगही आहे. एका रात्री, नव्हे, संध्याकाळीच, आम्ही दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं, तर पानावर बसल्या बसल्या यांनी दोघा भावांना सांगून टाकलं होतं, “शुक्रवारचा खेळ नीट झाला तर टॉकीज राहील. आवाजाची एक जरी तक्रार आली तर शनिवारी किल्ल्या तुमच्या हातात देतो. मांडव घाला.”

हे म्हणजे नेमगोंडा मगदूम. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही इथं अण्णाच म्हणते. आता लपवायचं कुणापासून?

“झालं का ओ?” जिन्यावरून अण्णांचा आवाज आला. पाठोपाठ ते स्वतः. सकाळपासून ते असे वर-खाली करत होते. वर यायचे, दिघ्यांच्या डोक्यावर उभे राहायचे, परत खाली जाऊन पोस्टरच्या खिळ्यांवरून ओरडायचे. रस्त्यावर भोंग्याची रिक्षा फिरत होती, “उद्यापासून सन्मतीमध्ये, उद्यापासून सन्मतीमध्ये”, आणि प्रत्येक वेळी ती गेटसमोरून गेली की मी पुन्हा चहाचं आधण ठेवत होते.

“होतंय, अण्णा,” दिघे म्हणाले. “ते जुनं मशीन जरा सरकवू दिलं असतं तर सकाळीच झालं असतं.”

अण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मशीन हलणार न्हाई.”

जुना प्रोजेक्टर केबिनच्या मधोमध होता. तो काढायचा तर नाहीच, पण वीतभर हलवायलाही अण्णा तयार नव्हते. त्यामुळे डबीतला सिनेमा चालवणारा नवा सर्व्हर ठेवावा लागला पलीकडच्या कोपऱ्यात, आणि कंपनीनं पाठवलेली तयार केबल साउंडच्या पेटीपर्यंत पोचेना. मग मुजावरना आठवण झाली. मागे एकदा सीडीवर आवाज यायचं मशीन आणलं होतं, तेव्हा त्यांनीच भिंतीतल्या पाइपातून एक केबल टाकून ठेवली होती. चांगली, जाड, जाळीची. ते मशीन गेलं, केबल भिंतीत राहिली, तिचं पलीकडचं टोक साउंडच्या पेटीला जोडलेलं तसंच. दिघ्यांनी तपासून बघितली आणि खूश झाले. कंपनीची केबल कापून तिच्या तारा भिंतीतल्या केबलच्या अलीकडच्या टोकाला जोडायच्या, एवढंच काम राहिलं.

तीन जोड्या होत्या तारांच्या. पहिलीतून पडद्याचा डावा आणि उजवा. दुसरीतून पडद्यामागचा मधला स्पीकर, ज्यातून सगळं बोलणं येतं, आणि त्याच्या सोबत तो धडधडणारा मोठा. तिसरीतून हॉलच्या भिंतींवरचे आणि मागचे, म्हणजे पाऊस, पाखरं, गर्दी. दिघ्यांनी मला हे कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मुजावरनी प्रत्येक जोडीला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर शाईनं एकेक अक्षर लिहून ठेवलं होतं. त्यामुळे दिघ्यांना विचारायचीही गरज पडली नाही, आणि मुजावरही नमाजाला गेले होते.

अण्णांचा कान म्हणजे आमच्या भागात दाखला द्यायची गोष्ट. इचलकरंजीचे, कुरुंदवाडचे थेटरवाले नवा स्पीकर बसवला की त्यांना न्यायला गाडी पाठवायचे. प्रोजेक्टरचा पट्टा सैल झाला की त्यांना गेटवर उभ्या उभ्या कळायचं. नवा सिनेमा लागण्याआधी आदल्या दिवशी ते रिकाम्या हॉलमध्ये मधोमध एका खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे, आणि मुजावर एक रीळ चालवायचे. संपलं की अण्णा एकच शब्द बोलायचे, “पास” किंवा “नापास”. पास म्हणाले की स्वतः वर जाऊन केबिनला कुलूप घालायचे. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या खेळापर्यंत किल्ली त्यांच्या कंबरेला. पूर्वी एका ऑपरेटरनं पास झाल्यावर आवाजाच्या खुंट्या पिरगाळून ठेवल्या होत्या, तेव्हापासूनचा हा नियम. मुजावरनासुद्धा सूट नव्हती.

पाचच्या सुमाराला दिघ्यांनी वरून खिडकीतून अंगठा दाखवला.

हॉलमध्ये आम्ही तिघं. अण्णा त्यांच्या खुर्चीत. मी बायकांच्या बाजूला, भिंतीलगत. मुजावर दाराशी उभे. दिवे गेले आणि पडद्यावर एक घर आलं, अंगण, अंगणात एक म्हातारी आणि तिचा मुलगा. मुलगा शहरात निघालेला. म्हातारीनं तोंड उघडलं, आणि तिचा आवाज माझ्या पाठीमागून आला.

मी दचकून मागं वळले. मागं कुणी नव्हतं, भिंत होती. पुन्हा पडद्याकडे बघितलं. म्हातारी ओठ हलवत होती, आणि मागच्या खुर्चीत बसून कुणीतरी तिची नक्कल करावी तसा तिचा आवाज येत होता. अंगणातल्या चिमण्या मात्र पडद्याच्या मधोमध किलबिलत होत्या, जणू मुलाच्या तोंडातूनच. मग जीप आली. तिची घरघर हॉलच्या मागून उठली आणि जीप तर समोर चालली होती. उद्या भरल्या थेटरात असं झालं तर पहिल्या पाच मिनिटांत शिट्ट्या आणि चपला.

मुजावरकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते.

मग मी अण्णांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले नव्हते. ते पुढं झुकून, मान ताणून, म्हातारीच्या ओठांकडे बघत होते. इतकं टक लावून मी त्यांना कुठल्याच सिनेमाकडे बघताना पाहिलं नव्हतं.

दिवे लागले. अण्णा उठले, आणि टाळी वाजवली.

“पास! एक नंबर. मुजावर, रिक्षावाल्याला सांग, आवाजाचं बी ओरड म्हणावं. आणि कोल्हापूरला मीच फोन करतो.”

त्यांनी खिशातून फोन काढला आणि वितरकाच्या माणसाला सांगितलंसुद्धा, “साउंड ओके. उद्या बाराला या, बघा.” पलीकडचा काय म्हणाला ते ऐकायला न थांबता फोन बंद केला. फोनवर ते हल्ली असंच बोलायचे. बोलायचे आणि बंद करायचे. मला वाटायचं, मोठेपणा आहे.

दिघे जिना उतरून दारात आले होते. वर डबीतला सिनेमा अजून चालू होता आणि हॉलमध्ये म्हातारीचं रडणं मागच्या भिंतीतून येत होतं. दिघ्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा मागं. त्यांचा चेहरा पडला. ते बोलायला तोंड उघडणार एवढ्यात मुजावरनी त्यांचा दंड धरला.

अण्णांनी कंबरेची किल्ली काढली.

त्या क्षणी सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. टीव्हीचा दिवसेंदिवस वाढत गेलेला आवाज. “भाजीत मीठ आहे का” विचारलं की “हां, ये जाऊन” असं उत्तर. पाहुण्यांत बसले की आधी दुसऱ्यांना हसू द्यायचं आणि मग आपण हसायचं. आणि मी स्वतः गेली काही वर्षं त्यांच्याशी बोलताना कायम समोर जाऊन, उजेडात उभी राहून बोलत होते. का, ते मी कधी मनाला विचारलं नव्हतं.

आणि आता आम्हा तिघांतलं कुणीतरी त्यांना सांगणार होतं. दिघे, ज्यांची त्यांच्याशी तीन दिवसांची ओळख. किंवा मुजावर, ज्यांनी त्यांना उभ्या आयुष्यात एकदाही ‘चुकलं’ म्हटलेलं नव्हतं. किंवा कुणीच नाही, मग उद्या सगळं गाव सांगेल, आणि परवा माझे दीर.

“थांबा,” मी म्हटलं. मी खुर्च्यांच्या मधून चालत त्यांच्या पुढ्यात गेले. “मला नाही ऐकू आलं.”

“काय न्हाई ऐकू आलं?”

“ती बाई काय बोलली ते. एक शब्द कळला नाही मला.”

“सगळं स्वच्छ हुतं की! मुजावर, हुतं का न्हाई?”

मुजावर पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

“त्यांना विचारू नका,” मी म्हटलं. “माझेच कान गेलेत. बरेच दिवस झाले. तुम्हाला बोलले नव्हते मी.”

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी नजर हलवली नाही.

“तू? बहिरी झालीस?”

“झाले.”

“आणि मला आज सांगतीस? उद्या खेळ हाय आणि आज?”

“आजच कळलं ना, कशानं काय होतं ते. बायकांच्या बाजूला उद्या सगळ्या माझ्याच वयाच्या येणार. त्यांना बोलणं कळलं नाही तर त्या आपसात बोलायला लागतील. मग कुणालाच कळणार नाही.”

दिघे हुशार माणूस. त्यांनी लगेच धागा उचलला. पुढं आले, अण्णांच्या नजरेसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “काकूंसारख्यांसाठी एक सेटिंग असतं, अण्णा. बोलणं जरा पुढं आणायचं. माझ्याकडूनच राहिलं. पेटी उघडावी लागेल.”

“पास म्हटल्यावर केबिन उघडत न्हाई मी.”

“माहीत आहे मला,” मी म्हटलं. “मी टॉकीजला लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत आहे. एकदा उघडा. माझ्यासाठी.”

त्यांनी किल्ली दोनदा तळहातावर उडवली. मग माझ्या अंगावर टाकली. “जा. बायको बहिरी म्हणून नियम मोडला असं लिहून ठेवा माझ्या फोटोखाली.”

वर गेल्यावर दिघ्यांनी दार लोटलं आणि भिंतीतून आलेल्या तारा ओढून बघितल्या.

“तारा बरोबर लावल्यात मी,” ते रडकुंडीला आले होते. “हे बघा. ‘म’ मधल्याला. ‘प’ पाठीमागच्यांना.”

“आँ?” मुजावर म्हणाले. “प पडद्याचा ओ!”

“पडद्याचा?”

“पडद्यामागनं बोलणं येतंय त्यो. प. पडदा.”

“मग म?”

“म मागचा!”

दिघे तसेच जमिनीवर बसले. “अहो मुजावर, मागचा म्हणजे पाठीमागचा, आणि पडद्याचा तोच मधला. माणसानं दोन अक्षरं लिहावीत की हो!”

“मला काय ठावं, पुण्याचा माणूस येणार आणि वाचणार! मी माझ्यासाठी लिवलं हुतं.”

मला हसू फुटलं. मुजावरनाही. दिघे तर पोट धरून हसायला लागले, दिवसभराचा ताण होता तो, आणि हसता हसता त्यांनीच तोंडावर बोट ठेवलं. “हळू, हळू. खाली अण्णांना ऐकू जाईल.”

मग कुणी हसलं नाही.

दिघ्यांनी सळई तापायला लावली. बराच वेळ नुसता धूर निघत होता. मुजावर हलक्या आवाजात म्हणाले, “वैनी, तुमचे कान तर माझ्यापरास तिखट हाईत.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“इंटरव्हलला आदी मी घंटी मारायचो, अण्णा वर बघायचे. हल्ली खिडकीतनं हात दावतो.” त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा नखानं खरवडून काढला. “मला वाटायचं, मला एकट्यालाच ठावं हाय.”

दुसऱ्यांदा सिनेमा चालवला तेव्हा म्हातारी स्वतःच्या तोंडानं बोलली. चिमण्या भिंतीवर गेल्या. जीप समोरून आली आणि समोरूनच गेली. मी बायकांच्या बाजूला बसून ऐकत होते, आणि तिचा प्रत्येक शब्द मला कळत होता, आणि तरी मला बसवत नव्हतं. अण्णा आपल्या खुर्चीत तसेच पुढं झुकलेले. दिवे लागल्यावर ते उठले नाहीत.

“आलं ऐकू?” त्यांनी मला विचारलं.

“आलं.”

“मला तर काय फरक वाटंना. आदीचंच बरं हुतं.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग मुजावरकडे, मग दारात उभ्या असलेल्या दिघ्यांकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. आम्ही तिघं कसे उभे होतो कुणास ठाऊक. मग ते उठले, “बरं,” म्हणाले, माझ्याकडून किल्ली घेतली आणि कुलूप घालायला वर गेले. ‘पास’ म्हणाले नाहीत.

जेवायची वेळ टळत आली होती. दिवस बुडायला आला होता. घरी जाताना ते माझ्या पुढं चालत होते, आणि एरवी गेटपासून घरापर्यंत भेटेल त्याला हाक मारणाऱ्या माणसानं त्या दिवशी कुणाला ओ दिली नाही. पानावर दोन घास खाल्ले आणि उठले. मी विचारलं, आमटी बिघडली का? त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी थेटर भरलं. वितरकाचा माणूस मागच्या रांगेत बसला होता, माझे दोन्ही दीर बाल्कनीत. मी बायकांच्या दाराशी उभी राहिले, आत जाऊन बसायचा धीर झाला नाही. म्हातारी बोलायला लागली आणि हॉल गप्प झाला. पोराला निरोप देताना माझ्या शेजारची एक बाई हुंदका देऊन रडायला लागली आणि तिच्या पलीकडची म्हणाली, “गप की गं, ऐकू दे.” तेव्हा कुठं मी भिंतीला टेकले. इंटरव्हलला थोरल्या दिरांनी सोडा मागवला आणि मुजावरसाठीही एक वर पाठवला. मांडवाची गोष्ट नंतर कुणी काढली नाही.

पण अण्णा काही शांत झाले नाहीत. रविवारपर्यंत घरात नुसते फेऱ्या मारत होते. आणि मी बहिरी झाल्याची बातमी तोवर गावभर झाली होती. कुणी केली माहीत नाही, बहुधा रिक्षाच्या भोंग्यानंच. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले तर पंडितांची बायको माझ्या कानाला तोंड लावून ओरडली, “राजमतीकाकू, बरं आहे ना?” भाजीवाली बोटांनी भाव सांगायला लागली. धाकट्या जावेनं तर माझ्यासमोरच दुसरीला सांगितलं, “आता काय बोललं तरी चालतंय, यांना ऐकू येत न्हाई,” आणि नंतर जे बोलली ते मी अजून विसरलेली नाही. मी हसून मान हलवत राहिले. काय करणार? एकदा बहिरी झाले म्हटल्यावर मधूनच बरी कशी होणार?

सोमवारी सकाळी अण्णा कपडे करून समोर उभे राहिले. “चल. मिरजेला जायचंय. कान दाखवू तुझे.”

“नको. आपोआप होतील बरे.”

“कान आपोआप बरे हुत्यात? चल म्हटलं ना.”

गाडीत मला धड बसता येईना. डॉक्टर तपासणार, आणि सांगणार की बाईंना काही झालेलं नाही. मग गुरुवारी मी काय केलं ते अण्णांना कळणार. मी मनाशी ठरवलं, काही ऐकू आलं तरी आलं नाही म्हणायचं. डॉक्टरला काय कळतंय, माझ्या कानात बसून ऐकणार थोडीच?

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी मला काचेच्या एका छोट्या खोलीत बसवलं, कानांवर जाडजूड हेडफोन चढवला आणि सांगितलं, “बारीक टूं असा आवाज येईल. आला की हात वर करायचा, आजी.” बाहेर काचेपलीकडे त्या बटणांसमोर बसल्या, आणि त्यांच्या मागच्या बाकावर अण्णा.

टूं झालं. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले. पुन्हा टूं, जरा वर, जरा खाली, कधी डाव्या कानात, कधी उजव्या. किती बारीक होते ते आवाज, आणि एकही सुटला नाही माझ्यापासून. शेवटी शेवटी तर मला वाटलं, हात आपला आपणच वर जाईल.

बाहेर आले तेव्हा डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून कागद बघत होत्या. “आजी, मला वाटतं आपण पुन्हा एकदा करूया.”

“नको,” अण्णा उठून म्हणाले. “तिचं झालं. माझं घ्या.”

“तुमचं कशाला?” मी म्हटलं. घाईत मी त्यांच्या बाजूला उभी राहून बोलले होते. त्यांनी मान वळवली नाही. मग मी समोर गेले आणि पुन्हा म्हटलं, “तुमचं कशाला? तुम्हाला काय झालंय?”

“तू आत बसली हुतीस तवा बघत हुतो मी. बाईंनी बटण दाबलं की दर वेळी तुझी भुवई उडत हुती.”

मी पदर सारखा केला.

“गुरुवारी बी तसंच. तू म्हणालीस ऐकू येत न्हाई, आणि मुजावरनं श्वास सोडला. दिघ्यानं सोडला. अगं, मी बहिरा हाय, आंधळा न्हाई.”

तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर आला होता. डॉक्टरीणबाई बटणांकडे बघायला लागल्या.

“मग मला इथवर कशाला आणलंत?” मी म्हटलं. “सरळ सांगायचं होतं.”

“कसं सांगायचं? तूच सांग, कसं सांगायचं?” त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. “काल त्या भाजीवालीनं तुला बोटं दावली, आणि तू हसलीस. घरापर्यंत मला डोळ्यापुढनं ते जाईना. एकटी तू किती दिस बहिरी राहणार?”

ते आत गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला, मला सांगितलं तेच मोठ्यानं सांगितलं, आणि बाहेर येऊन बसल्या. काच स्वच्छ होती. त्यांचं बोट बटणावर होतं, आणि आतून ते बोट अण्णांना अगदी नीट दिसत होतं. मी बाकावर बसले नाही, उभीच राहिले. मला कळत होतं, ते बोट दाबलं की हात वर करतील. गेली काही वर्षं माणसांची तोंडं वाचत आलेला माणूस, त्याला एक बोट वाचायला कितीसं अवघड?

अण्णांनी त्या बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग ते उठले, खुर्ची उचलून फिरवली, आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले.

डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं. हात मांडीवरच होता. त्यांनी आवाज वाढवला, पुन्हा दाबलं. पुन्हा वाढवला. मी टोपी दोन्ही हातांत चुरगाळत होते. त्यांनी खुंटी आणखी फिरवली, आणखी.

हात वर गेला.